गरीब विझर्डचा जमाखर्च: २०२४चं ‘प्लेयर्स हँडबुक’ कितपत साथ देतं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या कथा-खेळात विझर्ड हा एकच क्लास (पात्राचा पेशा) असा आहे, ज्याला शहाणं व्हायला रोख पैसे मोजावे लागतात. सॉर्सररची जादू रक्तातच असते, क्लेरिकला देव देतो, फायटर लेव्हल चढला की हात आपोआप सराईत होतो. विझर्डला दर लेव्हलला दोन मंत्र फुकट मिळतात हे खरं, पण वहीत त्याहून एक जरी जास्त हवा असेल तर मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे ५० जीपी, म्हणजे सोन्याची ५० नाणी, आणि दोन तास मोजायचे. त्यामुळे दिवसा गिल्डची (कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघटनेची) मिळतील ती कामं करणारा आणि रात्री वही भरत बसणारा कष्टाळू पोरगा ही फक्त गोष्टीतली कल्पना राहत नाही, ती नियमांतूनच उभी राहते. २०२४च्या सप्टेंबरमध्ये आलेलं नवं ‘प्लेयर्स हँडबुक’, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, असं पात्र खेळवण्यासाठी किती उपयोगी आहे, एवढंच इथे तपासलं आहे. खर्चाची बाजू पुस्तकाने चोख लिहिली आहे. कमाईची बाजू मात्र डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, गळ्यात मारली आहे.

पुस्तक ३८४ पानांचं. १२ क्लास, ४८ उपवर्ग, १६ बॅकग्राउंड (पात्राचं पूर्वायुष्य). छपाई, चित्रं, मागचा नियमांचा शब्दकोश, सगळं २०१४च्या पुस्तकापेक्षा सरस. खेळता खेळता नियम शोधायला आता पानं उलटत बसावं लागत नाही. बाकी क्लासबद्दल इतरत्र भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे नको.

आधी पात्र उभं करू. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे तीन कॅन्ट्रिप (हवे तितक्या वेळा करता येणारे छोटे मंत्र), वहीत पहिल्या लेव्हलचे सहा मंत्र, त्यातले रोज तयार ठेवता येणारे चार आणि दिवसाला स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, फक्त दोन. आर्केन रिकव्हरी या क्षमतेमुळे एक शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतला की तिसरा. हिट डाय, म्हणजे जीव ठरवणारा फासा, डी६ (सहा बाजूंचा). स्टँडर्ड अ‍ॅरे या गुणांच्या ठरलेल्या संचामधला १५ बुद्धीला, १४ डेक्सला (चपळाई), १३ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा, थोडक्यात कॉन) द्यायचा. बॅकग्राउंड सेज (अभ्यासक) घेतलं तर वरचे +२ बुद्धीत आणि +१ कॉनमध्ये घालून १७-१४-१४ असा हिशोब बसतो. हिट पॉइंट (जीव) ८, आर्मर क्लास (वार चुकवायचा आकडा) १२. म्हणजे एखाद्या गॉब्लिनचे दोन वार नीट बसले की खेळ खलास. म्हणूनच हे पात्र शहरातली कामं धरून जगवणं शहाणपणाचं.

गिल्ड म्हटलं की बहुतेक जण आर्टिझन (कारागीर) बॅकग्राउंडकडे वळतात. विझर्डसाठी ते मला पटत नाही. त्यात वाढवता येणारे गुण ताकद, डेक्स आणि बुद्धी; कॉन नाही. त्याच्यासोबतच्या क्राफ्टर फीटमुळे (फीट म्हणजे खास क्षमता) साध्या वस्तूंवर २० टक्के सूट मिळते, पण मंत्र उतरवायचे ५० जीपी ही दुकानातली खरेदी नव्हे, त्यामुळे तिथे सूट मागितली तर डीएम सहसा नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. सेजबरोबर मॅजिक इनिशिएट (विझर्ड) फीट येतं: आणखी दोन कॅन्ट्रिप, आणि पहिल्या लेव्हलचा एक मंत्र कायम तयार, दिवसातून एकदा स्लॉट न खर्चता. तिथे डोळे मिटून मेज आर्मर घ्यावा. आर्मर क्लास आठ तास १५ राहतो आणि वहीतली जागाही वाचते.

सेज घेताना सामानाची पेटी घ्यायची की रोख ५० जीपी, हा पर्याय असतो. रोख घ्या. पेटीतलं २५ जीपीचं इतिहासाचं पुस्तक विकायला गेलात तर नियमाप्रमाणे निम्मीच किंमत येते, आणि रोख तर त्यात फक्त ८ जीपी असते. क्लासच्या सामानातले ५ धरून हातात ५५ जीपी राहतात. त्यातले १० फाइंड फॅमिलियर या सोबती प्राणी बोलावणाऱ्या मंत्राच्या धुपाला, २५ पहिल्या स्क्रोलच्या (एकदाच वापरता येणारा, मंत्र लिहिलेला कागद) भांडवलाला. उरलेल्या २०मध्ये पहिला महिना निघतो.

वहीतले सहा मंत्र निवडताना नवखे खेळाडू सगळे लढाईचे घेतात आणि मग गावात आल्यावर हात चोळत बसतात. तीन रिच्युअल, तीन लढाईचे, ही विभागणी चांगली चालते. विझर्ड रिच्युअलचा मंत्र तयार न ठेवता थेट वहीतून वाचून करू शकतो. दहा मिनिटं जास्त लागतात, पण स्लॉट जात नाही. दोन स्लॉटवर दिवस काढणाऱ्या पोराची खरी भाकरी यावरच आहे. फाइंड फॅमिलियर, कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस, अनसीन सर्व्हंट हे तीन रिच्युअल. शील्ड, स्लीप, मॅजिक मिसाइल हे तीन लढाईचे. डिटेक्ट मॅजिक आणि फ्लोटिंग डिस्क नंतर, पैसे आले की.

आता कामं. अनोळखी भाषा समजवणारा कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस एक तास टिकतो आणि एक पान वाचायला साधारण एक मिनिट लागतं, म्हणजे एका रिच्युअलमध्ये जेमतेम साठ पानं. हात कागदाला लागलेला असायला हवा, काचेमागचं हस्तलिखित चालत नाही. शब्दशः अर्थ कळतो, गुप्त लिपीतला निरोप उलगडत नाही आणि त्या भाषेत उत्तरही लिहिता येत नाही. तेव्हा गिल्डकडून व्यापाऱ्यांची पत्रं वाचून द्यायचं काम घ्यावं, पत्रव्यवहार सांभाळायचं घेऊ नये.

अनसीन सर्व्हंट या मंत्राने येणाऱ्या अदृश्य नोकराला ताकद २ आणि हिट पॉइंट १. नेहमीच्या नियमाने तो तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास उचलतो, आणि तुमच्यापासून ६० फुटांपलीकडे गेला की संपला. झाडलोट, भांडी, दिवे लावणं यासाठी उत्तम. गोदामातली पोती हलवायला त्याला लावणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत. तिथे फ्लोटिंग डिस्क लागते: तीन फूट व्यासाची, जमिनीपासून तीन फूट वर तरंगणारी, ५०० पौंड पेलणारी. आपल्या मापात सव्वादोन क्विंटल. जिने, उतार चालतात. दहा फूट किंवा जास्त उंचीचा फरक आला की ती थांबते. आणि वजन थोडं जरी जास्त झालं तरी मंत्र तिथेच संपतो, माल खाली. काचेच्या बाटल्या असतील तर भरपाई कोणाच्या माथी, ते काम घेण्याआधीच ठरवून घ्यावं. तासाच्या आत पोचेल एवढंच अंतर धरायचं.

कॅन्ट्रिपच्या बाबतीत नवं पुस्तक उदार आहे. दर लॉन्ग रेस्टनंतर (रात्रीची मोठी विश्रांती) क्लासमधलं एक कॅन्ट्रिप बदलता येतं. फुटकळ कामं करणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला नियम नाही. उद्या चर्मकाराच्या दुकानात काम आहे? मेन्डिंग घ्या, एक मिनिटात एक भेग किंवा फाटलेली जागा जुळते, मात्र ती कुठूनही मोजली तरी एक फुटापेक्षा मोठी नसावी. परवा खानावळीत? प्रेस्टिडिजिटेशन: एका झटक्यात एक घनफूट वस्तू स्वच्छ, आणि गार झालेली आमटी पुन्हा गरम. जादूची मोडलेली कांडी मेन्डिंगने जुळते पण तिच्यातली जादू परत येत नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं नाही तर भांडण ठरलेलं.

जादूची वस्तू ओळखणाऱ्या आयडेंटिफाय मंत्राचं दुखणं वेगळं. त्याला १०० जीपीचा मोती लागतो. तो खर्च होत नाही, पण आधी जवळ असायला हवा, आणि पहिल्या लेव्हलच्या पोराकडे तो कुठून येणार? गिल्डने मोती कपाटात ठेवून कामापुरता सही घेऊन द्यावा, ही सोय डीएमने करून दिली तर कथेलाही चव येते. एवढं करूनही वस्तूवरचा शाप आयडेंटिफायला दिसत नाही, तेव्हा पावतीवर ‘शाप नाही’ असं कधी लिहू नये.

इथवर सगळं ठीक. गाडी अडते ती पैशावर.

पुस्तकात रोजंदारीचे दर आहेत: कुशल माणसाला दिवसाला २ जीपी, अकुशलाला २ एसपी, म्हणजे चांदीची दोन नाणी. राहणीचेही दर आहेत: गरिबीत राहायला दिवसाला २ एसपी, साधं राहायला १ जीपी. म्हणजे अकुशल मजूर जेवढं मिळवतो तेवढंच खातो, शिल्लक शून्य. विझर्डला कुशल धरलं, तीस दिवस खाडा न करता काम मिळालं, तर ६० जीपी. साध्या राहणीचे ३० वजा. गिल्डची वर्गणी महिन्याला ५ धरू (हा आकडा २०१४च्या पुस्तकातला). उरले २५. म्हणजे पहिल्या लेव्हलचा एक मंत्र उतरवायला दोन महिने, दुसऱ्या लेव्हलच्या मंत्राला चार. गरिबीत राहिला तर महिन्याला ४९ उरतात: एका नाण्यासाठी मंत्र पुढच्या महिन्यावर! हा आकडा टेबलावर मांडला की खेळाडूला आपलं पात्र एकदम समजतं, वेगळी पार्श्वकथा लिहायची गरज उरत नाही.

२०१४च्या पुस्तकात साहसांच्या मधल्या काळात धंदा करण्याचा एक छोटा नियम होता. काम करा, साधी राहणी फुकट. संस्थेचे सभासद असाल आणि तिथे काम मिळालं तर एक पायरी वरची. नव्या हँडबुकमध्ये तो नियमच नाही. गिल्ड आर्टिझनला मिळणारं सभासदत्व, अडचणीत राहायला-जेवायला मिळणं, हेही गेलं. बॅकग्राउंडमधून आता आकडे आणि फीट मिळतात, नातीगोती नाहीत. पूर्वी आपल्या शाखेचे (उपवर्गाच्या जादूप्रकाराचे) मंत्र निम्म्या पैशात आणि निम्म्या वेळात उतरवता यायचे. आता तिसऱ्या लेव्हलला शाखेचे दोन मंत्र फुकट आणि पुढे नव्या लेव्हलचे स्लॉट उघडले की एकेक. हिशोब सोपा झाला, पण काटकसर करण्यातली मजा गेली. माझ्या मते या पात्रापुरतं हे पाऊल मागे आहे.

त्या बदल्यात दिलंय काय? स्क्रोल लिहिणं आता हँडबुकमध्येच आहे. आर्केना (जादूविद्येचं ज्ञान) येत असेल तर पहिल्या लेव्हलच्या स्क्रोलला आठ तासांचा एक दिवस आणि २५ जीपी, दुसऱ्याला तीन दिवस आणि १००, तिसऱ्याला पाच दिवस आणि १५०. लिहिण्याच्या प्रत्येक दिवशी तो मंत्र तयार असायला हवा, हे बरेच जण विसरतात आणि तीन दिवसांच्या कामात मधल्या दिवशी यादी बदलून बसतात. वाचायला हा धंदा फायद्याचा वाटतो, कारण त्याच पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या स्क्रोलची किंमत ५० जीपी आहे. पण विकताना वस्तूला निम्मी किंमत. २५ घालायचे, २५ मिळवायचे, दिवस फुकट. नफा हवा तर गिल्डची थेट ऑर्डर हवी, पूर्ण दराची.

इथे डीएमने हात सैल सोडला तर उलटा घोटाळा होतो. दर स्क्रोलला २५ जीपी नफा म्हणजे कुशल माणसाच्या बारा दिवसांच्या मजुरीहून जास्त, तोही एका दिवसात. अशा ऑर्डरी रोज मिळाल्या तर महिनाभरात पोरगा सावकार होईल. महिन्याला दोन ऑर्डरी एवढं प्रमाण बसतं: २८ दिवसांच्या मजुरीचे ५६, वजा राहणी आणि वर्गणीचे ३५, अधिक ऑर्डरींच्या नफ्याचे ५०, म्हणजे ७१ जीपी. महिन्याला एक नवा मंत्र आणि वर २१ शिल्लक. अंगावर येत नाही आणि फुकटही वाटत नाही.

मंत्र उतरवायचा कुठून, हाही प्रश्न आहे. स्क्रोलवरून उतरवायला आर्केनाची परीक्षा, डीसी (वीस बाजूंच्या फाशात बोनस मिळवून गाठायचा आकडा) १० अधिक मंत्राची लेव्हल. जमो न जमो, स्क्रोल नष्ट. पहिल्या लेव्हलला +५ बोनस धरला तर चारात एकदा ५० जीपीचा स्क्रोल पाण्यात. दुसऱ्या लेव्हलला स्कॉलर या क्षमतेमधून आर्केनात एक्सपर्टीज (विशेष प्रावीण्य) घेतली की बोनस +७ होतो आणि पंचाऐंशी टक्के वेळा जमतं. दुसऱ्या विझर्डच्या वहीतून उतरवताना ही परीक्षा नाहीच. म्हणून गिल्डच्या ग्रंथालयात बसायची परवानगी हे रोख बक्षिसापेक्षा मोठं बक्षीस ठरतं.

वेळेचंही बघा. आठ तास काम, आठ तास लॉन्ग रेस्ट. त्या रेस्टमध्ये दोन तास वाचनासारखं हलकं काम चालतं. पहिल्या लेव्हलचा मंत्र उतरवायलाही दोनच तास लागतात. ते लिखाण हलकं धरायचं का, यावर पुस्तक गप्प आहे. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी डीएमकडून हो किंवा नाही वदवून घ्या.

विकत घ्यावं का? नुसता सेज-विझर्ड-इव्होकर (इव्होकर हा विझर्डचा एक उपवर्ग) करून बघायचा असेल तर नाही. फुकट मिळणाऱ्या एसआरडी ५.२ या खुल्या नियमसंचामध्ये हे तिन्ही आहेत. अ‍ॅबज्युरर, डिव्हायनर, इल्यूजनिस्ट हे बाकीचे उपवर्ग हवे असतील किंवा स्क्राइब, आर्टिझन ही बॅकग्राउंड, तर पुस्तक लागेल. टेबलावर एक प्रत पुरते. कोणाकडे २०१४ची जुनी प्रत असेल तर ती रद्दीत घालू नका, धंद्याचा नियम आणि वर्गणी तिच्यातूनच उचलायची आहे. आणि खेळात पहिली मोठी कमाई झाली की सगळ्यात आधी वहीची दुसरी प्रत करून गिल्डच्या तिजोरीत ठेवायला सांगा: मंत्राच्या लेव्हलमागे १० जीपी आणि एक तास. मूळ वही नाल्यात पडली आणि दुसरी प्रत नसली, तर हाती फक्त त्या दिवशी तयार असलेले मंत्र उरतात.