आवाज येतो, चित्र काळं: गोलाणी मार्केटमधलं भरवशाचं दुकान

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये लॅपटॉप दाखवायचा असेल तर जिन्यालगतच्या छोट्या दुकानात जा. माझ्याकडे केळीवरच्या करपा रोगाचे व्हिडिओ लावले की नुसता आवाज यायचा, चित्र काळं. रावेरला एकाने सरळ फॉरमॅट मारायला सांगितलं होतं. बागेचे सगळे हिशोब गेले असते!

इथल्या पोराने आधी ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडली; तिथं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. "भाऊ, इथं चाललं तर बहुतेक एखाद्या एक्स्टेन्शनचा घोळ." तिथंही काळंच. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम'खाली हार्डवेअर ॲक्सिलरेशन (काही काम ग्राफिक्स चिपकडे सोपवायची सोय) बंद केलं, ब्राउझर पुन्हा सुरू केला, आणि केळीच्या पानावरचे पिवळे ठिपके लख्ख दिसले. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिप करते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला की असं होतं, हे त्याने नीट समजावलं. तेवढ्यावर सोडलं नाही. नवा ड्रायव्हर टाकून ते बटण परत चालू केलं, कारण बंद ठेवलं तर सगळा भार प्रोसेसरवर येऊन लॅपटॉप तापतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका.

दीडशे रुपये घेतले, तेही काम दाखवून. बसायला जागा नाही, दुपारी गर्दी असते. सकाळीच गाठा.