गाडीचा डिझेल पंप गेला सांगून ४२,२०० रुपये घेतले, बिघाड होता २४० रुपयांच्या पाइपात

नाशिकच्या बाजूला ज्यांची एकच जुनी गाडी आहे आणि तिच्यावरच घर चालतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्यांचे खेळ तुम्हाला नवीन नाहीत, मलाही नव्हते. तरी माझ्या खिशातून ४२,२०० रुपये गेले आणि वर माझा चांगला चालणारा पंपही गेला.

गाडी टाटा १६१३, २००८ चं मॉडेल, साधा सहा एलिमेंटचा इनलाइन पंप, म्हणजे सहा सिलिंडरला डिझेल दाबणारे सहा भाग एका ओळीत, प्रत्येकाचा पाइप वेगळा. पिंपळगाव, लासलगावहून कांदा-टोमॅटो भरून वाशीला जायचं, येताना मिळेल तो माल. ऐन सीझनमध्ये कसारा चढताना गाडी दम टाकायला लागली. सपाटीला ठीक, घाटात लोड आला की पिकअप गायब. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, पण हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप, मारला की लगेच सुरू. हे सगळं मी मिस्तरीला जसंच्या तसं सांगितलं होतं. हे ऐकून ज्याला डिझेलमधलं थोडंफार कळतं तो आधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय का ते बघतो. त्याला कळलं नाही असं मुळीच नाही. कळलं, म्हणूनच त्याने पंपाचं नाव घेतलं.

मी हवेचं विचारलंही. तो म्हणाला, "भाऊ, लाइन लीक असती तर खाली डिझेल टपकलं असतं ना? बघा, कोरडं आहे." कोरडंच होतं. आता मला माहीत आहे की टाकी खाली असते, फीड पंप तिथून डिझेल ओढतो, त्यामुळे टाकी ते फीड पंप या भागात फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टपकतं ते फीड पंपाच्या पुढे, जिथे दाब असतो. हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं तर त्या माणसाच्या हातात पाना देऊ नका.

पंप उतरवून तो महामार्गालगतच्या एका पंपवाल्याकडे नेला. मीही गेलो. टेस्ट बेंच, म्हणजे पंप फिरवून तपासायचं मशीन, चालू केला, काचेच्या नळ्यांत तेल पडायला लागलं. चार नळ्या भरल्या, तीही पातळी वरखाली. बाकीच्या कोरड्या. पंपवाला म्हणाला, "दोन एलिमेंट डेड, चार मरायला टेकलेत."

तो क्षण डोक्यातून जात नाही. बेंचवरच्या पंपातून चारच पाइप निघत होते. सहा नाही, चार. एलिमेंट मेला तरी त्याचा पाइप कुठे जातो? तो पंपच चार सिलिंडरच्या गाडीचा होता, कुणाचा तरी भंगार, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला. माझा पंप मागच्या खोलीत. आणि माझी गाडी आयडलला गुळगुळीत चालत होती. सहातले दोन सिलिंडर मेले असते तर केबिन थरथरली असती, लहान पोरालाही मिसिंग ऐकू आलं असतं. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण दुसऱ्या दिवशीचा माल ठरलेला, व्यापाऱ्याची उचल घेतलेली, त्याचे फोन चालू, बेंचचा आवाज, आणि मिस्तरी कानाशी एकसारखा बोलतोय. त्यात दुसरा माणूस टेस्टरवर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, लावून थेंब गळताना दाखवतो. तिथे उभा राहून पाइप मोजणारा माणूस मला दाखवा. हे लोक सीझन बघूनच गिऱ्हाईक पकडतात, निवांत माणसाला ते हात लावत नाहीत.

पंप खोलून करायचा तर ३८,५०० आणि आठवडा. तयार रिकंडिशन्ड, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, पंप आत्ता हवा तर ३१,५०० आणि जुना पंप त्यांच्याकडे. मी दुसरं घेतलं, कुणीही घेतलं असतं. नोझल सेटचे ७,२००, मिस्तरीची काढघाल ३,५००. त्यातले १२,००० क्यूआरवर दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, कुण्या बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे वहिनींचं खातं. उरलेले ३०,२०० रोख. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल, कशाला?" म्हणत कच्ची चिठ्ठी दिली, तिच्यावर फक्त "पंप काम". दुकानाचं नाव स्क्रीनवर येत नसेल तर पैसे पाठवू नका. पक्क्या बिलाचा कर परवडतो, ही चिठ्ठी परवडत नाही.

गाडी सुरुवातीला मस्त चालली, म्हणून संशय आला नाही. याचंही कारण नंतर कळलं. पंप बदलला की लाइन ब्लीड करतात, म्हणजे अडकलेली सगळी हवा निघते, आणि काढघालीत पाइप-क्लॅम्प जागेवर थोडे दाबले जातात. थोडे दिवस गाडी बरी होणारच. घाटात पुन्हा दम टाकायला लागली तेव्हा पंपवाला म्हणाला, तुमच्या डिझेलमध्ये पाणी होतं, गॅरंटी संपली, आता ९,००० लागतील. मी दिले नाहीत.

खरा बिघाड आमच्या गल्लीतल्या काकांनी दारातच काढला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी आधी टाकीचं झाकण उघडून वास-आवाज घेतला. झाकणाचं भोक बुजलं की टाकीत ओढ बसते आणि उघडताना फुस्स होतं, ते नव्हतं. मग फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडला आणि गाडी सुरू केली. आयडलला एखाददुसरा बुडबुडा. अॅक्सिलरेटर दाबून धरला तसे बुडबुड्यांची माळ लागली आणि इंजिनाचा आवाज वरखाली व्हायला लागला. नंतर त्यांनी टाकीची लाइनच सोडवली, स्वच्छ डिझेलचा कॅन सायलेन्सरपासून लांब, उंचावर घट्ट बांधला आणि त्यातून पाइप दिला. तेच इंजिन, तोच पंप, पण आवाज एकदम एकसारखा. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. म्हणजे दोष कॅनच्या जागी जे काही होतं त्यात, पंपात नाही. टाकीजवळचा रबरी पाइप क्लॅम्पच्या खाली चिरला होता. वरून दिसत नव्हतं, वाकवला तेव्हा चीर उघडली. पाइप १८० रुपये, दोन क्लॅम्प ६०.

नोझल बघायचं असेल तर आयडलला एकेक पाइपाचा नट किंचित ढिला करतात. ज्याच्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर कमजोर. पण माहितगार सोबत नसेल तर करू नका, आणि नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नका. ते डिझेल कातडीतून आत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते.

काकांनीच विचारलं, पंपाचा नंबर जुळतो का? कपाटातून २०१६ चं सर्व्हिस बिल काढलं. त्यावर नंबर होता. पंप बदललेला, त्यामुळे नंबर वेगळा असणारच, पण नंबराच्या पट्टीचे रिवेट कोरे चकचकीत, बाकी अंगावर जाड चंदेरी रंग. नोझलही नवे नाहीत, माझेच रॉकेलने धुऊन लावलेले. एकावर माझ्याच पोराने मारलेली पंचची खूण सापडली.

खरा संताप यानंतरचा आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले हद्द दुसरी. दुसरीकडे गेलो तर "हा दिवाणी मामला, ग्राहक कोर्टात जा." अरे, माझा चांगला पंप खराब आहे असं खोटं सांगून ठेवून घेतला, दुसऱ्याचा दाखवून पैसे काढले, यात दिवाणी काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितल्यावर हवालदार माझ्याकडे असा बघत होता जणू मीच कुणाचा पंप ढापलाय. तिथून परिवहनच्या कार्यालयात. पंपाचा नंबर आरसीवर नसतो, आमचा संबंध नाही. एका तक्रार कक्षात बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही. घाम गाळून स्वतः स्टिअरिंग धरणारा माणूस व्यावसायिक, आणि कोऱ्या रिवेटची पट्टी ठोकणारा कोण? प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचा पत्ता मिळाला, बाकी काही नाही. असं चालतं म्हणूनच ती दुकानं चालतात.

त्या बाईंचं म्हणणं चूक होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू वापरत असाल तर तो व्यावसायिक वापर धरत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. पोलीस घेत नसतील तर तीच तक्रार अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. त्याची पावती हीच तुमची पोच.

मी ४२,२०० रुपये आणि माझा पंप परत, एवढीच मागणी लिहून तक्रार दाखल केली आहे. सोबत २०१६ चं बिल, पट्टीचे फोटो, क्यूआरची नोंद, बुडबुड्यांचा व्हिडिओ. द्वारका ते आडगाव या पट्ट्यात ज्यांनी कुठेही पंप दुरुस्त करून किंवा बदलून घेतला असेल त्यांनी आजच बॉनेट उघडून पट्टीवरचा नंबर आणि रिवेट बघा. रिवेट कोरे दिसले, किंवा पंप फक्त दुरुस्त करून घेतला असून नंबर जुळत नसेल तर पंप हलवू नका, आहे तसाच फोटो काढा आणि मला कळवा. दोन-तीन तक्रारी एकत्र गेल्या तर हद्दीचं कारण सांगणं पोलिसांना जड जाईल.