‘९० दिवसांत पाळी नियमित’ कोर्समध्ये पैसे कसे जातात

पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) निदान होतं, डॉक्टर ‘आहार-व्यायामाकडे लक्ष द्या’ एवढं सांगतात आणि पुढचा पेशंट आत येतो. नेमकं काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नसतं. ‘९० दिवसांत पाळी नियमित’ करून देण्याचे कोर्स विकणाऱ्यांची फसवणूक याच पोकळीत शिरते.

सुरुवात फुकट प्रश्नावलीने होते. झोप, थकवा, पुरळ, गोड खाण्याची इच्छा असे दहा-बारा प्रश्न, आणि शेवटी ‘तुमचा पीसीओएस अ‍ॅड्रिनल प्रकारचा आहे’ असा निकाल. पीसीओएसचे असे ‘चार प्रकार’ हे कोर्स सांगतात, पण ते कुठल्याही मान्य निदानपद्धतीत नाहीत. तीच प्रश्नावली उलटी उत्तरं देऊन पुन्हा भरून पाहा. प्रकार बदलेल, कोर्स बहुधा तोच राहील. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीतली अनियमितता, पुरुषी हॉर्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तपासणीतला पुरावा, आणि सोनोग्राफीत दिसणारे बदल (किंवा रक्तात वाढलेलं एएमएच, म्हणजे बीजकोशांतून येणारं हॉर्मोन). त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित हॉर्मोन) वगैरे कारणं वगळावी लागतात. किशोरवयीन मुलींमध्ये सोनोग्राफी आणि एएमएच धरतच नाहीत, पहिल्या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. हे काम प्रश्नावलीचं नव्हे.

खरी मेख ‘९० दिवसां’त आहे. वर्षाला सहा-सात वेळा पाळी येणाऱ्या बाईला ९० दिवसांत ती साधारण एकदा-दोनदा येणारच, कोर्स घेतला तरी आणि नाही घेतला तरी. ती आली की लगेच आभाराचा व्हिडिओ मागतात. नाही आली, तर ‘शिस्त कमी पडली’ म्हणत दुसरा टप्पा विकतात. हरण्याची शक्यताच नाही असा हा डाव आहे.

शिवाय रक्तस्राव झाला म्हणजे बीज बाहेर पडलंच असं नाही. ते पाहायचं तर पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. ज्यांचं चक्र ५० दिवसांचं आहे, त्यांच्यासाठी कोर्समध्ये सांगितलेली ‘२१व्या दिवसाची तपासणी’ निरर्थक आहे. ‘सोनोग्राफीत गाठी विरघळल्या’ हा दावाही असाच. त्या गाठी नसून अर्धवट वाढलेले बीजकोश असतात आणि त्यांची मोजलेली संख्या दिवस, यंत्र आणि तपासणाऱ्यानुसार बदलते.

आता कोर्ससोबत विकली जाणारी पावडर. तिच्यातलं इनोसिटॉल, म्हणजे साखरेसारखा एक पदार्थ, बहुतेक अभ्यासांत दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत दिलेलं असतं, आणि तरीही २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्याच्या फायद्याचा पुरावा मर्यादितच मानला आहे. डब्यावर ‘खास मिश्रण १००० मिलिग्रॅम’ आणि खाली आठ घटक असतील, तर त्यात ४ ग्रॅम बसणार कुठून? प्रत्येक घटकाचं प्रमाण वेगळं लिहिलेलं नसेल तर डबा परत करा. लेबलच नसलेली ‘हर्बल’ पुडी तर अजिबात घेऊ नका. हर्बल म्हणून विकलेल्या उत्पादनांत स्टिरॉइड आणि बंदी घातलेलं वजन घटवण्याचं औषध सापडलेलं आहे. केसांसाठीच्या गोळ्यांत जास्त बायोटिन असतं, त्याने थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

सर्वांत जास्त नुकसान आहाराच्या तक्त्याने होतं. ८०० कॅलरींवर वजन झपाट्याने उतरतं आणि स्क्रीनशॉट छान येतात. पण शरीराला ऊर्जा पुरत नाही म्हणून पाळी थांबू शकते, दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. त्याला कोच ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणतात. डॉक्टरांनी दिलेल्या चालू गोळ्या बंद करायला सांगणारे तर थेट धोक्याचे आहेत. त्या गर्भनिरोधक असतील, तर पाळी येत नाही म्हणून गर्भ राहणारच नाही असंही नसतं.

ज्यासाठी हे पैसे घेतात, ते काम साधं आहे, फक्त संथ आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. शिवाय सलग नसलेल्या दोन दिवशी स्नायूंचा व्यायाम. वजन जास्त असेल तर ५ टक्के घट, म्हणजे ८० किलोला ४ किलो, हे वास्तव उद्दिष्ट. अमुकच आहार इतरांपेक्षा सरस असं सिद्ध झालेलं नाही. जो वर्षभर निभेल तो निवडा. बारीक असाल तर वजन घटवण्याचा प्रश्नच नाही, व्यायामाचा फायदा मात्र होतो. चेहऱ्यावरच्या केसांत औषधानेही फरक दिसायला साधारण सहा महिने लागतात, तीन आठवड्यांचे ‘आधी-नंतर’ फोटो प्रकाशाचे खेळ असतात.

पैसे भरले असतील तर आधी आपोआप नूतनीकरण बंद करा. ‘पैसे परत’ची अट बारकाईने वाचा: रोजची नोंद, रोजचा फोटो, एक दिवस चुकला की हक्क गेला, असं लिहिलेलं असतं. जाहिरातीतला दावा, चॅट आणि पावती यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, ग्रुपमधून काढून टाकण्याआधीच. कार्डाने भरले असतील तर बँकेत लेखी तक्रार करा; तिला मुदत असते.

९० दिवस पाळी आली नसेल तर कोर्स संपण्याची वाट पाहू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखा आणि पावडरीचा डबा दोन्ही न्या. रक्तदाब, रक्तातली चरबी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा.