खोडातलं भोक कुणाचं? द्राक्ष आणि डाळिंब पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची तुलना

तासगाव-मिरजेची द्राक्षं असोत, आटपाडी-जतचं डाळिंब असो की माण-खटावातली फळबाग, खोडाला भोक दिसलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच नाव: खोडकिडा. दुकानात तेवढं सांगितलं की बाटली मिळते, आणि घरी येऊन पिचकारीने भोकात औषध सोडलं जातं. यातलं बरंचसं औषध कुठल्याच किडीपर्यंत पोचत नाही. कारण सगळी भोकं एका कामाची नसतात. एक भोक किडीच्या आत जाण्याचं असतं, एक बाहेर पडण्याचं आणि एक नुसतं भुसा टाकण्याचं. आपल्या झाडावरचं यातलं कुठलं, हे ठरल्याशिवाय औषध घ्यायचं, कात्री घ्यायची की कुदळ, हे ठरत नाही. आणि ते ठरवायचं असेल तर साल काढून आतला बोगदा बघावा लागतो.

द्राक्ष: भुसा टाकणारी आणि भुसा कोंबणारी

द्राक्षात मुख्यतः दोन लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या अळ्या खोड पोखरतात. पहिली सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. ही सापडायला सोपी, कारण ती बोगदा मोकळा ठेवते. खोडाला एक भोक ठेवून कुरतडलेला भुसा त्यातून बाहेर लोटत राहते, आणि वेलीच्या बुडाशी त्याचा छोटा ढीग साचतो. ढीग हाताने साफ करा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे. तिचा बोगदा खोडातून खाली, मुळांकडे उतरतो. त्यामुळे वरून वेल नुसती मलूल दिसते, पानं पिवळी पडतात, आणि माणूस अन्नद्रव्याची कमतरता समजून खत वाढवत बसतो.

दुसरी स्ट्रोमॅशियम बारबॅटम. माझ्या मते जुन्या बागांना खरा धोका हिचा आहे, कारण ती बाहेर काहीच दाखवत नाही. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यात वेल मागे छाटल्यावर, ओलांडा (खोडापासून तारेवर आडवी धरलेली जाड फांदी) उघडा पडतो तेव्हा कात्रीच्या मुठीने ओलांड्यावर ठोकत जा. निरोगी लाकूड टणक वाजतं, हिने खाल्लेलं बद्द. तिथली सुटी साल ओढली की खाली लाकडाच्या रेषेने गेलेले नागमोडी पट्टे दिसतात, फिकट पिवळसर पुडीने ठासून भरलेले. पुडी इतकी घट्ट असते की बोटाने निघत नाही, चाकूच्या टोकाने खरवडावी लागते. खरवडत गेलं की शेवटी पांढरी, डोक्यामागे रुंद झालेली अळी सापडते. ओलांड्यावर भोकं असली तर ती भुंगेरा बाहेर पडून गेल्याची. त्यात औषध सोडलं तर ते रिकाम्या घरात पडतं, आणि शेजारच्या बंद, भरलेल्या बोगद्यातली अळी तशीच राहते.

म्हणून दोघींचा इलाज वेगळा. सेलोस्टर्नाचं भोक चालू असतं. सायकलचा स्पोक वाकवून आत घालता येतो, अळी टोचून मारता येते, औषध सोडून तोंड चिखलाने लिंपता येतं. एक वेल, एक भोक, एक अळी असाच हा हिशोब बहुतेकदा असतो. बांधावरची बाभळही बघा. सेलोस्टर्ना मुळात बाभळीची जुनी कीड आहे, आणि तिचे भुंगेरे कोवळ्या फुटींची साल कुरतडतात. बाग साफ आणि बांधावरची बाभळ पोखरलेली, तर पुढच्या पावसाळ्यात कीड पुन्हा बागेत.

स्ट्रोमॅशियमला बोगद्यात गाठणं जवळजवळ अशक्य. तिला अंडी घालण्याच्या वेळी गाठायचं. भुंगेरे पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतात, रात्री फिरतात आणि अंडी सुट्या सालीच्या आड घालतात. तेव्हा खरड छाटणीनंतर, पाऊस लागायच्या आत खोड-ओलांड्याची सुटी साल काढून टाकणं हे पहिलं काम. मजुरीचं काम आहे, पण ते टाळून पावसाळ्यात फवारणी केली तर औषध सालीवरच राहतं. पोखरलेला ओलांडा कापून नवा धरायचा. आणि ही गोष्ट कळकळीने सांगतो: कापलेलं लाकूड सरपण म्हणून बांधावर रचू नका. ही कीड सुक्या लाकडात वर्षानुवर्षं जगते, घरातल्या फर्निचरमध्येही वाढते. जूनच्या आत ते लाकूड चुलीत गेलं पाहिजे.

डाळिंब: टाचणी जाते, काडी जात नाही

डाळिंबाचा मामला निराळा आहे. इथे पोखरतो तो २ मिलिमीटरच्या आसपासचा काळपट भुंगेरा, शॉट होल बोरर. भोक जेमतेम १ मिलिमीटरचं. टाचणी आत जाते, आगपेटीची काडी जात नाही. आणि हे भोक आत जाण्याचं आहे. मादी स्वतः पोखरत आत शिरते, बोगद्याच्या भिंतींवर बुरशी वाढवते आणि तिची पिल्लं ती बुरशी खातात, लाकूड नाही. म्हणून बोगदा साफ असतो, आत भुसा नसतो आणि भिंती काळ्या पडलेल्या असतात. भोकाच्या तोंडाशी मात्र पांढरी भुकटी दिसते. द्राक्षातला भुशाने भरलेला रुंद पट्टा आणि डाळिंबातली काळी, बारीक, फांद्या फुटलेली नळी शेजारी ठेवली तर पुन्हा कधी गल्लत होणार नाही.

जमिनीलगतच्या वीतभर खोडावर अशी भोकं दिसली की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: मर, म्हणजे झाड उभंच वाळवणारा रोग, आहे का? सुकलेल्या फांदीचं नाही, बुडाजवळच्या खोडाचं आडवं काप घ्या. लाकडात तपकिरी, करडे-काळे डाग मधून बाहेर चांदणीसारखे पसरलेले दिसले तर सेराटोसिस्टिस बुरशीचा मर रोग आहे. डाग नसले, फक्त बोगद्यांभोवतीच काळपटपणा असला तर झाड अजून भुंगेऱ्याशीच झगडतंय. आणि काप स्वच्छ, पण मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांतले सूक्ष्म कृमी. मग खोडावरचं औषध निरुपयोगी.

इथे पिचकारीचा उपयोग नाही. भोकं अनेक आणि नळ्या फाटे फुटलेल्या, एकेका भोकात औषध किती जणांना पोचणार? नव्या माद्या आत शिरायच्या आधी खोडाला गेरूसोबत शिफारशीतलं कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळून लेप, आणि बुडाशी आळवणी (मुळांजवळ औषधाचं पाणी ओतणं), हेच चालतं. भुंगेरा ताणातल्या झाडाकडे ओढला जातो, त्यामुळे बहार धरताना (फुलं एकदम यावीत म्हणून पाणी तोडताना) ताण किती द्यायचा याचाही विचार करा. कापात मर रोगाचे चांदणीसारखे डाग निघाले तर झाड वाचवण्यात पैसे घालू नका. मुळांसकट काढा, ओळीओळीतून ओढत नेऊ नका, तिथेच पोत्यात भरून बाहेर नेऊन जाळा. शेजारची निरोगी दिसणारी झाडं त्याच दिवशी आळवा, आणि कात्री-करवत निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

गोंधळ करणारे बाकीचे

डाळिंब किंवा पेरूच्या बेचक्यात सालीवर भुशाची आणि लाळेची जाळीदार पट्टी लटकलेली दिसली तर ती साल खाणारी अळी, इंदरबेला. ती पतंगाची अळी आहे, भुंगेऱ्याची नाही. जाळी ओढून काढली की खाली आखूड बीळ सापडतं, त्यातच ती दिवसा बसते. तार घालून मरते. मातीच्या नळ्या सालीवर चढल्या असतील तर वाळवी. बांधावरच्या आंब्याच्या सालीखाली बोट जाईल एवढे वेडेवाकडे बोगदे आणि जाड, तंतुमय भुसा असेल तर ती बॅटोसेराची अळी, कोकणात जिला भिरूड म्हणतात. ती सालीखालचं रसाळ लाकूड खाते, म्हणून एखादी मोठी फांदी अचानक वाळते.

औषधाबद्दल

चालू भोकात औषधाचा बोळा घालायचा म्हटलं की अजूनही जुन्या सवयीने नुवान मागितलं जातं. त्यातलं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. उरलेली बाटली कुणी दिली तरी घेऊ नका. आपल्या पिकाचं नाव लेबलवर असलेलं औषध घ्या. द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरीचं आणि डाळिंबासाठी सोलापूरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र चालू हंगामाच्या शिफारशी देतं. निर्यातीची बाग असेल तर काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस) आणि रेसिड्यू (फळात उरणारा औषधाचा अंश) आधी तपासा, नंतर झाकण उघडा.

एवढं करूनही निर्णय होत नसेल तर पोखरलेल्या लाकडाचा वीतभर तुकडा, भुशासकट, कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. तुकडा उभा चिरून न्या. बोगदा रुंद की बारीक, भरलेला की मोकळा, हे तिथे समोर ठेवता आलं तर फोनवरच्या फोटोपेक्षा कितीतरी नेमकं उत्तर मिळतं.