हणजुणच्या बाजारातली लमाणी पिशवी: घेताना काय बघावं

गोव्यातल्या हणजुणला बुधवारी जो बाजार भरतो, तिथे लमाणी (बंजारा) बायकांकडच्या आरशांच्या खांद्याच्या पिशव्या लांबूनच लक्ष वेधतात. पिशवी घेण्यासारखी आहे, यात शंका नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: या एका पिशवीत दोन वेगळी कामं असतात. दर्शनी तुकडा हातभरतीचा, कित्येकदा जुन्या फेटियातून (लमाणी घागऱ्यातून) किंवा कांचळीतून (चोळीतून) कापून घेतलेला. पाठ, अस्तर, पट्टा मात्र मशीनवर घाईत शिवलेला. तुकडा अप्रतिम आणि शिवण कच्ची, असं सर्रास आढळतं.

आधी भरत उलट बाजूने बघा. अस्तर असेल तर एखाद्या उसवलेल्या कडेतून डोकावा. हाताच्या कामात मागे गाठी दिसतात, एका नक्षीतून दुसरीकडे गेलेले रंगीत धागे दिसतात. मशीनच्या भरतीत मागून सगळीकडे एकच बारीक दोरा, बहुधा पांढरा.

मग आरसा. त्याला भोक नसतं, त्यामुळे तो कापडाला बांधूनच घ्यावा लागतो. आरशावरून दोन उभे, दोन आडवे धागे ताणून चौकट करतात. नंतर सुई चौकटीच्या धाग्याखालून काढायची, कडेला कापडात टाका घ्यायचा, पुन्हा चौकटीखालून, असं गोल फिरायचं. प्रत्येक टाक्यासरशी चौकट बाहेर ओढली जाते आणि आरशाभोवती घट्ट कडं तयार होतं. चौकट पहिल्यापासूनच काठाला चिकटून घेतली, तर ओढल्यावर ती काठाबाहेर जाते आणि आरसा निसटतो. अंगठ्याने हलकं दाबून बाजूला सरकवून बघा. आरसा हलला तर ती पिशवी नको. गोंदाने चिकटवलेले आरसे तर गोव्याच्या दमट हवेत पावसाळाभरही टिकत नाहीत.

सगळ्यात जास्त तक्रार पट्ट्याची. जुनं कापड विरलेलं असतं आणि पट्टा थेट त्यालाच टाचलेला असतो, म्हणून वजन पडलं की टाका राहतो, कापड फाटतं. शिंप्याकडून आत मांजरपाटाचा चार बोटं रुंद तुकडा लावून चौकोनात फुलीची शिवण मारून घ्या. एवढं केलं की पिशवी वर्षानुवर्षं वापरता येते.

धुण्याआधी ओला पांढरा रुमाल लाल भागावर दाबा. रंग लागला तर पिशवी भिजवू नका, नुसती पुसा. आरशाचा पारा ओलाव्याने काळवंडतो, तेव्हा जूनपासून सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

विकताना कोणी 'संदूरचं काम' म्हटलं तर विचारून घ्या. कर्नाटकातल्या संदूरच्या लंबाणी, म्हणजे लमाणीच, भरतीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हणजुणची प्रत्येक पिशवी तिथली नसते. त्याने भरतीची किंमत कमी होत नाही. बैलांवर मीठ आणि धान्य लादून फिरणाऱ्या या लमाणी लोकांचा धंदा रेल्वेने बुडवला, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे कित्येक तांड्यांवर शिक्का मारला. उत्तर कर्नाटकातल्या कोरडवाहू गावांतून गोव्यात आलेल्या कुटुंबांनी रस्त्यांवर, बांधकामांवर मजुरी केली, आणि बायकांनी स्वतःच्या अंगावरची भरत पोटासाठी बाजारात आणली. जुने फेटिये कापून कापून संपणारच. म्हणून घासाघीस करायचीच तर मशीनच्या शिवणीवर करा, आणि समोर बसून सुई चालवणारी बाई दिसली तर जुन्या तुकड्याऐवजी तिने नव्याने भरलेला घ्या. आरसा सैल असेल तर तिथल्या तिथे आवळून द्यायला तिलाच सांगा.