स्पॅमअसॅसिनची व्हाइटलिस्ट वापरून बघितली, फिल्टरला ४ स्टार, पण एक ओळ जपून

मी खरं तर अकाउंट्सचा माणूस, पण कॉम्प्युटरला हात लावायला घाबरत नाही म्हणून ऑफिसचा मेल सर्व्हर गळ्यात पडला. स्पॅम अडवायला आमच्याकडे स्पॅमअसॅसिन आहे, फुकट, ओपन सोर्स, २००१ पासूनचं जुनंजाणतं. काम साधं आहे, प्रत्येक मेलला नियमांप्रमाणे मार्क देतं आणि बेरीज ५ झाली की स्पॅमचा शिक्का. फिल्टर म्हणून माझी काही तक्रार नाही.

भानगड व्हाइटलिस्टची, म्हणजे ज्यांची मेल अडवायची नाही त्या पत्त्यांच्या यादीची. एका सप्लायरची बिलं सारखी स्पॅममध्ये जायची, म्हणून नेटवर बघून लोकल डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हाइटलिस्ट_फ्रॉम लिहून पुढे त्याचा पत्ता टाकला. बिलं यायला लागली, मी खूश, आणि त्याच जोशात आपलं स्वतःचं डोमेनही टाकून दिलं, *@ (स्टार ॲट) करून, म्हणजे त्या डोमेनचा कुठलाही पत्ता चालेल आणि घरचीच मेल अडकायला नको. इथेच गाढवपणा झाला.

महिन्याभरात साहेबांच्या नावाने मेल, बँक डिटेल्स बदललेत, पेमेंट आजच कर. साहेब शेजारच्या केबिनमध्ये चहा पीत बसलेले आणि ते जन्मात कधी 'डिअर' लिहीत नाहीत म्हणून वाचलो. हेडर (मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती) उघडून बघितलं तर स्कोअर वजा ८६.४! म्हणजे फिल्टरने त्या मेलला १३.६ मार्क देऊन बरोब्बर पकडलं होतं, पण माझ्या त्या एका ओळीने १०० वजा करून तिला पायघड्या घातल्या.

कारण व्हाइटलिस्ट_फ्रॉम फक्त मेलवर लिहिलेला पत्ता बघते, तो खरा की खोटा ते नाही. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये कोणीही कुठलंही नाव लिहून आत जातो ना, तसंच. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण मॅन्युअल आपण नंतर वाचतो.

आता मी व्हाइटलिस्ट_ऑथ वापरतो. ही आधी एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनकडूनच आलीय का याची तपासणी, पास झालंय का बघते आणि मगच सूट देते, फक्त त्या तपासण्यांचे प्लगइन (जोडायचे भाग) चालू हवेत. ज्यांचं दोन्ही नाही अशांसाठी व्हाइटलिस्ट_फ्रॉम_आरसीव्हीडी, त्यात पत्त्यासोबत पाठवणाऱ्या सर्व्हरचं डोमेनही द्यावं लागतं, पण त्यासाठी ट्रस्टेड नेटवर्क्स, म्हणजे आपण विश्वास ठेवतो त्या सर्व्हरची यादी, नीट सेट केलेली पाहिजे, मला ते जमेपर्यंत अख्खा रविवार गेला. ४.० पासून नाव वेलकमलिस्ट केलंय, म्हणून जुने लेख आणि नवीन मॅन्युअल जुळत नाहीत, घाबरू नका, ४.० मध्ये तरी जुनी नावंही चालतात.

पत्त्यातल्या त्या * म्हणजे स्टारचीही गंमत आहे. स्टार ॲट करून डोमेन लिहिलं तर त्याचं सबडोमेन (त्याच डोमेनच्या आधी आणखी एक शब्द आणि डॉट) त्यात येत नाही, आणि बऱ्याच कंपन्यांची बिलं नेमकी तिथूनच येतात. मग वैतागून ॲट न लावता नुसता स्टार आणि डोमेन लिहिलं की मागे तेच नाव असलेलं भलतंच डोमेनही आत येतं. म्हणून मी दोन वेगळ्या ओळी लिहितो, एक मुख्य डोमेनची आणि एक स्टार डॉट लावून सबडोमेनची. बदल केला की आधी लिंट (सेटिंगमधल्या चुका शोधणारी तपासणी) चालवायचं आणि मग स्पॅमडी (मागे सतत चालणारा स्पॅमअसॅसिनचा प्रोग्रॅम) रीस्टार्ट, नाहीतर चुकलेली ओळ गुपचूप सोडून दिली जाते आणि आपण बसतो लिस्ट चालत नाही म्हणून डोकं खाजवत.

ते वजा १०० मात्र मला अती वाटतं, मी स्कोअर लिहून वजा ८ वर आणलंय, तेवढ्याने नेहमीची बिलं सुटतात आणि अगदीच घाण मेल असेल तर अडकते. रेटिंगमधला एक स्टार कापला तो याच १०० साठी.

सध्या लिस्टमध्ये ११ ओळी आहेत, आधी चाळीसेक होत्या. परवाच साहेब म्हणाले, अरे ते जीमेलवाले सगळेच टाकून दे ना लिस्टमध्ये, कटकट नको. मी हो म्हणालो आणि टाकलं नाही.