पोरांच्या विंडसर्फिंगसाठी कोणता क्लास घ्यावा: टेक्नो, फॉइल की खुला गट?

कोल्हापुरात कुमार गटाच्या विंडसर्फिंग स्पर्धा सुरू करायच्या असतील, तर बोर्डांची ऑर्डर देण्याआधी क्लास ठरवा. क्लास म्हणजे बोर्ड, शीड आणि फिन (बोर्डाच्या तळाला मागे लावलेला पाण्यातला कल्ला) यांची आधीच बांधून दिलेली मापं. सगळ्यांनी त्याच मापात उतरायचं. क्लास चुकला की ते सामान पुढची चार-पाच वर्षं गळ्यात पडतं. समोर तीन वाटा आहेत: टेक्नो २९३, पाण्याखालच्या पंखांवर उचलला जाणारा आयक्यूफॉइल, आणि ज्याच्याकडे जो बोर्ड असेल तो घेऊन यायचा खुला गट. आमचा कल लपवत नाही. पंधराच्या आतल्या पोरांना टेक्नोवर घाला, फॉइल दुसऱ्या टप्प्यात आणा, आणि तेही गावातल्या तळ्यावर नको.

पाण्यावर पडणारा फरक

टेक्नोचा बोर्ड नावाप्रमाणे २९३ सेंटिमीटर लांब, ७९ रुंद, २०५ लिटरचा. मागे फिन आणि मधोमध डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली-वर होणारी उभी फळी. हा डॅगरबोर्डच आपल्याकडे कामाचा. वारा ६-७ नॉटवर आला, म्हणजे ताशी बाराएक किलोमीटर, तरी पोर वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चढत काठाला परत येऊ शकतं. नुसत्या फिनवर ते हळूहळू वाऱ्यासोबत वाहत पलीकडच्या काठाला लागतं आणि रेस्क्यू बोटीची दिवसभर ओढाताण होते. शिवाय डॅगरबोर्ड तळाला टेकला तर आपोआप मागे दुमडतो. फिन मात्र दुमडत नाही, ती ठेचकाळते, म्हणून काठाजवळ गुडघाभर पाण्यात चढू-उतरू देऊ नका. कंबरेएवढं पाणी हवं.

आयक्यूफॉइलचा बोर्ड २२० सेंटिमीटर लांब आणि ९५ रुंद. त्याच्या खाली ९५ सेंटिमीटरचा दांडा, दांड्याच्या टोकाला विमानासारखे पंख. वेग आला की पंख उचल देतात आणि बोर्ड पाण्याबाहेर येतो. तरबेज खेळाडू टेक्नो नुसता रांगत असतो तेवढ्या वाऱ्यातही उठतो. नवखं पोर मात्र उठत नाही. रुंद, आखूड फळी पाणी ढकलत बसते आणि अर्ध्या तासात हात गळतात. दांडा आणि पंख मिळून मीटरभर खोली तशीच लागते, शिवाय पडल्यावर पाय टेकू नयेत म्हणून आणखी. शर्यतीच्या सगळ्या मार्गावर कुठेही दीड मीटरपेक्षा कमी पाणी चालणार नाही.

आता जलपर्णी. रंकाळ्याला तिचा त्रास जुना आहे. टेक्नोच्या फिनला वेल अडकला तर बोर्ड मंदावतो. पोर थांबतं, हात घालून तो काढतं, पुढे जातं. सरावापुरती पाणगवत अडकू नये अशी मागे झुकलेली फिन लावली तर वेल आपोआप घसरतो. फॉइलच्या पुढच्या पंखाला तोच वेल बसला की उचल एकदम तुटते, बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि चालवणारा बूमवरून, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्यावरून, पुढे फेकला जातो. खाली कार्बनची धारदार कड असते. हेल्मेट, छातीला मार झेलणारं जॅकेट आणि पूर्ण पायाचा वेटसूट नसेल तर फॉइलला हात लावू देऊ नये. रंकाळा, राजाराम तलाव यांच्या काठच्या झाडा-इमारतींमुळे वारा तुटक येतो. झोत, मग पोकळी, मग पुन्हा झोत. टेक्नोवर ही कटकट आहे, फॉइलवर आपटणं.

वय, शीड आणि अंग

टेक्नोची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे वयाप्रमाणे बांधून दिलेलं शीड: १३ वर्षांखाली ५.८ चौरस मीटर, १५ वर्षांखाली ६.८, १७ वर्षांखाली ७.८. त्यापुढच्या प्लस गटाला ८.५. बोर्ड तोच राहतो, पोर वाढेल तसं शीड बदलतं, त्यामुळे क्लबचा मोठा खर्च एकदाच. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते पत्रकात छापा. त्या वर्षाची ३१ डिसेंबर धरली तर वाद कमी होतात. जन्मदाखल्याची प्रत नोंदणीवेळीच घ्या, बक्षिसाच्या दिवशी नको.

पण नुसत्या वयावर भागत नाही. तालमीत वस्ताद जोड लावतो तेव्हा आधी अंग बघतो. इथेही चौदा वर्षांचा ३८ किलोचा मुलगा आणि त्याच वयाचा ५८ किलोचा मुलगा एकाच ६.८ च्या शिडाखाली उभे राहतात. १६ नॉटमध्ये हलक्याच्या हातातून बूम सुटतो, जड मुलगा सरळ निघून जातो. ७ नॉटमध्ये उलटं होतं. त्यात विंडसर्फिंगच्या नियमांत पंपिंगला, म्हणजे शीड हाताने ओढून-सोडून वेग घ्यायला, मुभा आहे. मंद वाऱ्यात स्पर्धा दंडाच्या ताकदीची होऊन बसते. उपाय साधा: स्टार्ट एकच, निकालपत्रकं दोन, ४५ किलोखाली आणि वर. ज्याला झेपत नाही त्याला लहान शीड वापरू द्या. घरच्यांना मोठं शीड म्हणजे मोठा पैलवान असं वाटतं, त्यांना हे आधीच समजावून सांगावं लागतं.

एका गटात पाच-सहापेक्षा कमी पोरं असतील तर वेगळा स्टार्ट देऊ नका. १३ खालच्यांची फेरी १२-१५ मिनिटांत संपावी, १७ खालच्यांची २०-२५ मिनिटांत. दहा बोर्डांना ५०-६० मीटरची स्टार्ट लाइन पुरते. आखूड ठेवली की बूम एकमेकांत अडकतात. इशारा पाच मिनिटांवर, तयारी चार मिनिटांवर, मग एक मिनिट, मग सुटका. गुण कमीत कमी पद्धतीने: पहिल्याला १, दुसऱ्याला २, फेरी पूर्ण न करणाऱ्याला एकूण नोंदणीपेक्षा एक जास्त. चारपेक्षा कमी फेऱ्या झाल्या तर कुणाचीही वाईट फेरी वगळू नका.

खुल्या गटाचं आकर्षण

खर्च नाही, म्हणून हा पहिल्यांदा सुचतो. पण १८ नॉटमध्ये अरुंद, वेगाचा स्लॅलम बोर्ड टेक्नोला कुठच्या कुठे मागे टाकतो आणि ७ नॉटमध्ये तोच बोर्ड उभ्या पोरासकट बुडायला लागतो. निकाल सामानाचा लागतो, पोराचा नाही. खुला गट ठेवायचाच असेल तर दोन अटी घाला: बोर्ड १८० लिटरच्या वर आणि डॅगरबोर्डवाला, शीड सगळ्यांना एकाच मापाचं. विंडसर्फर एलटी हा ५.७ च्या एकाच शिडाचा क्लास याच धर्तीचा आहे आणि त्यात गट वजनावर पाडतात. मोठ्यांना आणि घरच्यांसोबत खेळायला तो छान, पण ३६६ सेंटिमीटरचा बोर्ड अकरा वर्षांच्या पोराला काठावरून एकट्याने हलवता येत नाही.

पुढचा रस्ता

फॉइल टाळता येणार नाही, हेही खरं. आरएस:एक्स हा २००८ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकचा बोर्ड होता. पॅरिस २०२४ ला त्याची जागा आयक्यूफॉइलने घेतली, पुरुषांना ९ आणि महिलांना ८ चौरस मीटरचं शीड. ज्यांनी शेवटच्या दोन वर्षांत आरएस:एक्स घेतले त्यांचे पैसे अडकले. पण आशियात जुना क्लास लगेच मरत नाही: २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इबाद अलीने भारताला कांस्य मिळवून दिलं ते आरएस:एक्सवर. म्हणून एका क्लासच्या नावावर सगळी पुंजी लावू नका. टेक्नोवर शिकलेलं पोर फॉइलवर जातं तेव्हा शिडाची जाण, स्टार्ट आणि डावपेच सोबत नेतं. नवं शिकायचं राहतं ते तोल सांभाळणं.

फॉइलवर कधी न्यावं? साधारण चौदा-पंधराव्या वर्षी, वजन ४५ किलोच्या पुढे, हार्नेस (अंगाला बांधून बूमला अडकवायचा पट्टा) आणि पायपट्ट्यांत १२ नॉटला सलग चालवता येत असेल, पाचपैकी चार वळणं न पडता घेत असेल तेव्हा. सुरुवात ५ च्या आसपासच्या लहान शिडाने आणि रुंद बोर्डाने. क्लबने आधी एकच फॉइल संच घ्यावा आणि तो धरणाच्या खोल, मोकळ्या जलाशयावर वापरावा. त्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते; शहरातल्या तळ्यांसाठी महापालिकेची.

ऋतूचं गणितही इथेच येतं. वारा सगळ्यात भरवशाचा पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच धरणं भरतात. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपापले उघडतात, तिथे कुणी शिट्टी मारून सांगत नाही. सांडव्याच्या बाजूला बोर्ड नकोच. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, पण वळीवही त्याच वेळी येतो. पहिला गडगडाट ऐकला की सगळे काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात कुणी नाही.

सामान किती घ्यायचं

सोळा पोरांना आठ टेक्नो बोर्ड पुरतात, दोघांत एक. शिडं: ५.८ ची चार, ६.८ ची चार, ७.८ ची दोन, आणि शिकाऊंसाठी ३ ते ४ मीटरची चार. जास्तीच्या फिन तीन, आणि मास्ट, म्हणजे शिडाचा उभा खांब, बोर्डाला जोडणाऱ्या सांध्याचे रबर चार. या रबरावर लक्ष ठेवा. ते उन्हाने कडक होतं आणि बाहेरून शाबूत दिसतं. दर महिन्याला ते दोन्ही हातांनी वाकवून बघा. वाकलेल्या बाजूला केसाएवढी चीर दिसली तरी बदला. ते तळ्याच्या मध्यावर तुटलं तर शीड एकीकडे, बोर्ड एकीकडे, आणि पोर बहुतेक वेळा चुकीच्या वस्तूकडे, म्हणजे शिडाकडे पोहत जातं. बोर्ड सोडायचा नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवा. रेस्क्यू बोट आठ-दहा पोरांमागे एक, आणि पाण्यात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची काठावर नोंद.

मोठ्या स्पर्धांना मालवण, गोवा असा प्रवास होतो. जाताना बोर्डाला काही होत नाही, धोका परतताना. समुद्रकाठी व्हेंट स्क्रू (बोर्डाच्या आतली हवा सोडायचा स्क्रू) घट्ट केलेला बोर्ड घाट चढून साडेपाचशे मीटर वर येतो, बाहेरचा दाब कमी होतो, आणि गाडीच्या टपावर ऊन लागून आतली हवा फुगते. पत्रा तापल्यावर डब्याचं झाकण उचलतं तसा बोर्डाचा वरचा थर सुटतो. म्हणून घाटाआधी स्क्रू दोन आटे सैल करा, आणि पुन्हा पाण्यात घालण्याआधी तो आवळण्याचं काम एकाच माणसावर सोपवा.